बाबांचं खस

लाकडी पेटी उघडली आणि मी सवयीने नाक पुढे केलं. काही नाही. आत सहा शिश्या, तळाला लाल मखमलीचा विटलेला तुकडा आणि कोपऱ्यात वाळलेल्या कापसाचे दोन फाये. चाळीसेक वर्षं अत्तर मुरलेली ही पेटी. दुसऱ्या खोलीत उघडली तरी आम्हा भावंडांना कळायचं की बाबा आता बाहेर निघणार. आज मी तिच्यात तोंड खुपसून बसले होते आणि मला नुसतं लाकूड दिसत होतं.

मला वास येत नाही. तीन वर्षांपूर्वी ताप आला, पंधरा दिवस राहिला आणि जाताना वास घेऊन गेला. येईल हळूहळू, असं डॉक्टर म्हणाले होते. तो अजून हळूहळूच येतो आहे. यवतमाळला माझ्या घरी हे सगळ्यांना ठाऊक आहे. दूध तापायला ठेवलं की मी पातेल्यापाशी पहारा देत उभी असते, गॅस बंद केला का ते तीनदा पाहते. मी वाचनालयात काम करते. नव्या पुस्तकांचा गठ्ठा आला की तो फोडून आधी हुंगायची माझी जुनी खोड, ती आपोआप सुटली. बाजारात मात्र अजून आंबा नाकाला लावून बघते, विकणाऱ्याला आपण अडाणी वाटू नये म्हणून. पण नेरला, माहेरी, मी हे कोणालाच सांगितलं नव्हतं. बाबांना तर नाहीच.

बाबा वैशाखात गेले. आता दिवाळी होऊन गेली, शेतांत कापसाची वेचणी सुरू झाली. घराला रंग द्यायचा म्हणून वहिनीने फोन केला, "ताई, बाबाच्या वस्तू एकडाव पाहून घ्या, मंग मी खोली रिकामी करतो." म्हणून आले. कपडे, चष्मा, काठी, सगळं झालं. पेटी मी मुद्दाम शेवटी ठेवली होती.

बाबा नेरच्या एका जिनिंगमध्ये, कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला होते. हंगामात सकाळी जायचे ते दिवेलागणीला यायचे. आले की भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या, कानावरची लवसुद्धा पांढरी. आई दारातूनच म्हणायची, "आला माहा बुढा." तेव्हा तो बुढा जेमतेम तिशीचा होता. अंगाला सरकीचा तेलकट, जरा खवट वास. मला तो आवडायचा, पण बाबा मला जवळ येऊ द्यायचे नाहीत. "थांब, माय. आंघोय करू दे." मग मोरीवर दोन बादल्या पाणी, लाल साबण, धुतलेला सदरा आणि शेवटी ही पेटी. खिशातून चिमूटभर रुई निघायची, जिनातलीच, पण लांब धाग्याची, निवडून आणलेली. ती दोन बोटांत वळायची, अत्तरात टेकवायची आणि कानाच्या वरच्या घडीत खोचायची. दिवसभर ज्या रुईने जीव नकोसा केला तिचाच फाया कानात घालून हा माणूस चौकापर्यंत जायचा आणि परत यायचा. काम काही नसायचं. नुसतं जाऊन यायचं.

उन्हाळ्यात खस, म्हणजे आपला वाळाच. पावसाळ्यात मिट्टी, भाजलेल्या मातीचं अत्तर. थंडीत हिना. हा नेम मुनीरचाचांचा. चौकाच्या तोंडाशी त्यांचं दुकान होतं, अजून आहे. दुकान कसलं, कपाटाएवढी जागा आणि पुढे एक बाकडं. चाचा म्हणायचे, मौसम सोडून अत्तर लावलं तर ते अंगाला लागत नाही, डोक्याला लागतं. बाबा नेम पाळायचे, पण मन खट्टू असलं की मोडायचे. भर पावसात हिना लावून आले की आई विचारायची, "काहून, काय झालं?" ते सदरा खुंटीला लावायचे. तासाभराने स्वतःच गुणगुणायला लागायचे. मी दहावीला गणितात गेले तेव्हा त्यांनी मला न रागावता चाचांकडे नेलं आणि मोगरा लावायला लावला. नापास झालेल्या पोरीने हसावं का, ह्या विचाराने मी घरी येईपर्यंत ओठ दाबून चालले होते. मोगऱ्यापुढे माझं काही चाललं नाही.

त्या बाकड्यावर माझी परीक्षाही व्हायची. बाबा माझ्या डोळ्यांवर दुपट्टा बांधायचे आणि चाचा एकामागून एक फाये नाकाशी धरायचे. खस, केवडा, गुलाब, हिना. मी सांगत जायची. एकदा मी म्हटलं, "हिना हाये, पण जुना." चाचांनी शिशी उजेडात धरून पाहिली आणि म्हणाले, "ये लडकी मेरा धंदा खा जाएगी." बाबांनी त्या दिवशी रस्त्यात भेटेल त्याला थांबवून हे ऐकवलं. पुढे मी पन्नाशीला टेकले तरी माझी ओळख करून देताना ते आधी माझं नाक सांगायचे, मग नाव.

अत्तराचं हे वेड त्यांना कुठून लागलं, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. आम्ही चाचांकडून परत येत होतो. "माह्या बापाले दुकानदार दुरून सामान टाके," ते म्हणाले. "मीठ असो का गूळ, वरून टाके, हाताले हात लागू नये म्हून. मी पयल्यांदा चाचाच्या दुकानावर गेलतो तवा तिशीतला होतो. दुरूनच म्हनलं, जरासं अत्तर द्या. ते म्हने, दुरून कसं देऊ, हात आना. अन् माहा हात हातात घेऊन लावलं." मी तेव्हा लहान होते. मला त्यातलं गूळ तेवढं लक्षात राहिलं. बाकीचं वय वाढलं तसं उलगडत गेलं.

आई गेल्यावर वर्षभर ही पेटी बंद होती. माझ्या लग्नात ती उघडली. विहाराच्या अंगणात मांडव होता आणि बाबा मांडवाच्या तोंडाशी उभे. येणाऱ्या प्रत्येकाचा हात हातात घ्यायचा, मनगट उलटं करायचं आणि फाया फिरवायचा. गावातले भलेभले आले होते. ज्यांच्या बापजाद्यांनी वरून मीठ टाकलं असेल तेही आले असतील. सगळ्यांनी हात दिले. सासरची माणसं म्हणत होती, नवरीच्या बापाने जरा बसावं तरी. बाबा शेवटचा माणूस येईपर्यंत बसले नाहीत. त्या दिवशी अख्ख्या मांडवाला हिन्याचा वास होता. हे मला आठवतं, म्हणजे असं घडलं हे आठवतं. वास आठवत नाही. आधी नुसतं नाव घेतलं तरी नाकात यायचा. आता शब्द उरला आहे, आणि शब्दाला वास नसतो. माझे बाबा ज्यात साठवलेले होते ते भांडंच माझ्याकडून फुटलं, हे मी कोणाला आणि कसं सांगू?

ताप उतरल्यावर दोन महिन्यांनी बाबा यवतमाळला आले. आल्याआल्या मनगट पुढे केलं. "सांग, कोन्तं हाये?" मी वाकून हुंगलं. काहीच नव्हतं. खिडकीबाहेर पाऊस पडत होता. मी म्हटलं, "मिट्टी." त्यांचा चेहरा असा उजळला की पुढचं वाक्य राहूनच गेलं. सांगायचं होतं हो. चहा झाल्यावर सांगू, मग म्हटलं जेवण झाल्यावर सांगू. ते परत गेले. पुढच्या खेपेला सांगू. पुढच्या खेपेलाही त्यांनी हात पुढे केला आणि मी बाहेरची हवा पाहून उत्तर दिलं. असं तीन वर्षं चाललं. एकदाही चुकले नाही. म्हणजे मला तसं वाटत होतं.

शेवटचे आठ दिवस मी नेरलाच होते. समोरच्या खोलीत बाज टाकली होती, कूलरला वाळ्याच्या नव्या ताट्या लावल्या होत्या. बोलणं कमी झालं होतं. एका दुपारी त्यांनी मला जवळ बोलावलं. "मी गेलो का मले खस लावजो. उदबत्तीच्या धुरात नेऊ नोको. अन् तूच लावजो." मी हो म्हटलं. उभ्या आयुष्यात त्यांनी माझ्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते गेले. आंघोळ घातली, पांढरं कापड पांघरलं, वंदना झाली. मग दादा म्हणाला, "तुले काहीतरी लावाचं होतं ना." मी पेटी आणली. सहा शिश्या, सगळ्या सारख्या. चाचांनी चिकटवलेल्या चिठ्ठ्या कधीच पुसून गेलेल्या. खस शेवाळी असतं, जरा दाट, एवढं मला माहीत होतं. तशा रंगाची शिशी मी उचलली. घर माणसांनी भरलं होतं आणि सगळे माझ्याकडे पाहत होते. मी बूच काढलं, शिशी नाकाशी नेली, डोळे मिटले आणि मान हलवली. सोंग केलं. बाबांच्या उशाशी बसून मी वास घेतल्याचं सोंग केलं. मग त्यांचा हात हातात घेतला. मनगटांवर लावलं, कानांमागे लावलं, छातीवर लावलं. कमी पडू नये म्हणून सढळ हाताने लावलं. मागे बायकांमध्ये जराशी हालचाल झाली. शेजारच्या म्हाताऱ्या काकू पुढे आल्या, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "बरं केलं, माय."

त्या दोन शब्दांवर मी सहा महिने काढले. आपल्याला वास येवो न येवो, बाबांना त्यांचं खस मिळालं. मन फार खाली गेलं की मी ते शब्द काढायची आणि पुन्हा जपून ठेवायची.

तर आज पेटी उघडून बसले होते. वहिनी चहा घेऊन आली आणि खाली टेकली. एकेक शिशी हातात घेऊन बघत होती. ती शेवाळी शिशी तिने उचलली, बूच काढलं आणि लगेच तोंड फिरवलं. "हे काहून ठेवता, ताई. हे तं कडूनिंबाचं तेल हाये. बाबाच्या पायाले खाज सुटे, म्हून मीच रिकाम्या शिशीत भरून ठेवलं होतं."

मी तिच्या हातून शिशी घेतली. शिशी अर्धी रिकामी होती. "मी त्या दिवशी हेच लावलं होतं का, वहिनी?"

तिला प्रश्न समजला नाही. मला विचारावं लागतं आहे, हेच तिला समजत नव्हतं. "हो, हेच तं. घरभर वास सुटला होता. आमाले वाटलं, तुमी माश्या बसू नये म्हून लावलं. उन्हाचे दिवस होते, यवतमायहून पाव्हणे यायचे होते. सगळ्या बाया म्हनत होत्या, शिकल्या-सवरल्या पोरीले बरोबर सुचलं."

"अन् खस?"

"खसची शिशी त्याइच्या उशाखाली राहे. शेवटी शेवटी तेच हुंगत. ते तं अंथरुणासंगं गेली." मग माझा चेहरा पाहून ती घाबरली. "काय झालं, ताई?"

ज्या माणसाने आयुष्यभर स्वतःच्या अंगाचा वास जपला, दोन बादल्या अंगावर घेतल्याखेरीज पोरीला जवळ घेतलं नाही, त्याला मी शेवटच्या वाटेवर कीड मारायच्या तेलाने माखून पाठवलं. आणि गावाने शहाणी म्हटलं. एक वाक्य बोलायचं होतं मला. वहिनीच्या हातात शिशी देऊन एवढंच म्हणायचं होतं, जरा पाह्यता का, हेच हाये का. तीन वर्षं तोंड शिवून बसलेल्या माणसाला ऐन वेळी ते उघडता येत नाही. मी चहा तसाच ठेवला, चप्पल घातली आणि चौकाकडे निघाले.

चाचा आता खूप थकले आहेत. दुकानात नातू बसतो, हे बाकड्यावर. मला पाहून त्यांनी सरकून जागा केली आणि सवयीप्रमाणे फाया भिजवून माझ्या हाताला लावला. "बोल बेटी, कोन्तं हाये?"

"मले वास येत नाही, चाचा," मी म्हटलं. "तीन वर्षं झाले."

ते दचकले नाहीत. फाया कानात खोचत म्हणाले, "मालूम हाये."

"कोनं सांगतलं?"

"तुह्या बापानं. पयल्याच थंडीत. तो खस लावून तुह्याकडं आलता. मन खराब होतं त्याचं, तुह्या मायची याद येत होती, म्हून मौसम सोडून लावलं. अन् तू म्हनली हिना."

मला तो दिवस आठवला. बाबा सोफ्यावर बसले होते, अंगात स्वेटर होता. मी हिना म्हटल्यावर ते माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहत राहिले होते. मग म्हणाले, "बरोबर, माय," आणि चहा टाक म्हणाले.

"बसमधून उतरला अन् सीधा इथं आला," चाचा सांगत होते. "ह्याच बाकड्यावर बसला. मंग म्हने, चाचा, आता मले मौसमाबाहेरचं काही देऊ नोको. मी मांगलं तरी देऊ नोको. पोरगी हवा पाहून सांगते. ते खोटी नाही पडली पाह्यजे."

म्हणजे त्यानंतर दोन थंड्या, दोन उन्हाळे, दोन पावसाळे त्यांनी मन खट्टू झालं तरी नेम मोडला नव्हता. आईची आठवण आली तरी नाही. मी त्यांच्यासाठी सोंग करत होते आणि ते माझ्यासाठी. एकमेकांसमोर बसून, एकाच मनगटावर वाकून आम्ही दोघं ते खेळत राहिलो. आणि तरीही शेवटी त्यांनी खस लावायला मलाच सांगितलं. मला येत नाही हे माहीत असूनही मला. का सांगितलं असेल? मी विचारेन, मदत मागेन, निदान तेव्हा तरी तोंड उघडेन, असं त्यांना वाटलं असेल का? चाचांना विचारलं. "ते नाही सांगतलं त्यानं," ते म्हणाले.

मग मी त्यांना कडूनिंबाचं सांगितलं. सगळं सांगितलं. तो समजून घेईल, असलं काही ते बोलले नाहीत, आणि त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे. उठून आत गेले, खसची शिशी आणली आणि माझी दोन्ही मनगटं भिजेपर्यंत लावलं. लावून घेतलं मी. दुसरीकडे कुठे लावायचं? राख केव्हाच नदीत गेली.

यवतमाळच्या बसमध्ये खिडकीपाशी जागा मिळाली. दोन्ही बाजूंनी कापूस फुटला होता. शेजारी एक म्हातारी येऊन बसली, बंजारा तांड्यावरची, हातभर बलोती म्हणजे त्यांच्या रुंद बांगड्या, बोटं बोंडांनी ओरबाडलेली. थोडा वेळ गेला आणि ती माझ्याकडे वळली.

"कोन्तं अत्तर हाये, बाई? मघापासून वास येऊन राह्यला."

"खस," मी म्हटलं. आणि मग, आज दुसऱ्यांदा, ते वाक्य आलं, तिच्या बोलीत आईला म्हणतात त्या हाकेसकट. "मले वास येत नाही, याडी. कसा हाये, तुमी सांगता का?"

तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझं मनगट धरून नाकाशी नेलं. वेळ लावून हुंगलं. "चांगला हाये."

"चांगला म्हंजे कसा?"

"थंडा हाये." तिला शब्द सापडत नव्हते. "माठाखालची रेती वली राह्यते ना, तसा. अन् मांगून मुयी उपटल्यावानी येते." ती हसली. "वासाचं काय सांगू, बाई."

कंडक्टरने तांड्याच्या फाट्याचं नाव घेतलं. तिने पायांतलं गाठोडं उचललं. माझा हात तिच्या हातातच होता, आणि मी तो सोडत नव्हते.

"अजून सांगा," मी म्हटलं.